ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर दाखवायचेत, आजी-आजोबा आणि मुलं एकत्र बसणार आहेत, सुरुवात कशाने करू?

इंदूरची_लेक

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहितेय. राजवाड्याच्या जवळ आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे, गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि जमलं तर एखादी एकांकिका एवढं वर्षभरात होतं. यंदा मिटिंगमध्ये ठरलं की महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर दाखवायचा, प्रोजेक्टर आहे, स्पीकर बरे आहेत, आणि ही जबाबदारी मी स्वतःहून मागून घेतली आहे कारण मला हे सिनेमे मनापासून आवडतात आणि आमच्या पिढीबरोबर ते बघणंच बंद होईल असं वाटायला लागलंय.

आता अडचण अशी की समोर बसणारी माणसं फार वेगवेगळी आहेत. एकीकडे आजी-आजोबा, ज्यांनी रिगल आणि यशवंत टॉकीजला रांगा लावून पिक्चर बघितले आहेत, त्यांना गाणी हवीत आणि तुकाराम हवा. दुसरीकडे आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची मुलं, पडद्यावर रंग दिसला नाही की लगेच हात मोबाइलकडे जातो. त्यात आपल्या इंदूरच्या मुलांचं मराठी कसं ते तुम्हाला माहीतच आहे, घरात आईबाबांशी मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की सगळं हिंदी, त्यामुळे जुनं मराठी भराभर बोललं की अर्धं निसटून जातं.

मला टॉप टेनची लिस्ट नकोय, ती कुठेही मिळते. तुम्ही स्वतः घरच्या मुलांबरोबर, म्हाताऱ्या माणसांबरोबर बसून काय बघितलंत आणि ते का चाललं ते सांगा. फक्त मराठीच दाखवावं की हिंदी, इंग्रजी पण? आणि आता जे रंगीत करून मिळतात ते दाखवावेत का, यावर मंडळात दोन तट पडलेत.

छायाप्रकाश

ताई, फार चांगलं काम हातात घेतलंत. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगतो, मग नावांकडे येतो.

रंग नसलेले सिनेमे दोन तऱ्हेचे असतात. काहींमध्ये रंग नाही कारण तेव्हा तो मिळत नव्हता किंवा परवडत नव्हता, बस. आणि काहींमध्ये दिग्दर्शकाने आणि कॅमेरामनने गोष्टच उजेड आणि अंधारात विचार करून मांडलेली असते, तिथे रंग असता तर पिक्चर कमजोर झाला असता. मुलांना पहिल्यांदा दाखवायचा तो या दुसऱ्या तऱ्हेचा दाखवा, कारण पाच-दहा मिनिटांत त्यांना रंगाची आठवणच राहत नाही.

आता बंदिनी घ्या (१९६३, बिमल रॉय). नूतनच्या मनात विषाचा विचार येतो तो प्रसंग आठवा, बाहेर कुणीतरी लोखंडावर काम करतंय, घण पडतोय, ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो, येतो आणि जातो, आणि ती एक शब्द बोलत नाही. आमच्या घरी पुतण्या तेव्हा दहावीत होता, तोपर्यंत सोफ्यावर लोळत होता, या सीनला उठून बसला. किंवा साहिब बीबी और गुलाम (१९६२) मधलं साकिया आज मुझे नींद नहीं आएगी, त्यात पुढची नर्तकी उजेडात आणि मागच्या सगळ्या जणी काळ्या सावल्या, त्यांचे चेहरेच दिसत नाहीत. हे व्ही. के. मूर्तींचं कॅमेऱ्याचं काम, त्याच मूर्तींनी कागज के फूल (१९५९) मध्ये मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओच्या आत आणलं आणि वक्त ने किया या गाण्यात तो उन्हाचा झोत उभा केला. फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले कॅमेरामन. मुलांना गाणं सुरू व्हायच्या आधी एवढंच सांगा की हे ऊन आरशातून आलंय, आणि मग बघा ती कशी बघतात.

पण कागज के फूल पहिला दाखवू नका. तो उदास आहे आणि संथ आहे, तीन-चार पिक्चर पचल्यावर दाखवा.

आता मराठी. तुमच्या भाषेच्या अडचणीवर प्रभात फिल्म कंपनीवाल्यांनी नव्वद वर्षांपूर्वीच उत्तर काढून ठेवलंय. ते एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोन वेळा शूट करायचे, डबिंग नाही, खरंच दोनदा. कुंकू आणि दुनिया न माने (१९३७), माणूस आणि आदमी (१९३९), शेजारी आणि पडोसी (१९४१). इंदूरसारख्या घरांना, जिथे जेवणाच्या टेबलावर दोन्ही भाषा चालतात, यापेक्षा सोयीचं काय असणार. मोठ्यांना मराठी दाखवा आणि ज्या मुलांना जड जाईल त्यांना घरी हिंदी बघू द्या, किंवा उलट.

यात पहिलं नाव कुंकूचं. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, कथा ना. ह. आपट्यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून. मामा पैसे घेऊन भाचीचं लग्न म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो आणि ती नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायला साफ नकार देते, रडत नाही, पळून जात नाही, त्याच घरात राहून नकार देते. १९३७ साली. कॉलेजच्या मुलींना हे बघून काय वाटतं ते तुम्ही नंतर इथे येऊन नक्की लिहा. आणि या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही! घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे, पावलांचे, रस्त्यावरचे आवाज, एवढ्यावर पूर्ण सिनेमा उभा आहे. केशवराव दात्यांचा म्हातारा त्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहतो तेव्हा त्याचीही दया यायला लागते, तो नुसता खलनायक ठेवलेला नाही, हे मला फार मोठं वाटतं. लांबी मात्र अडीच तासांच्या वर आहे, मध्यंतर ठेवा.

नवा_गडी

मी मूळ इंदूरचा, आता पुण्यात शिकतोय, वय २१, म्हणजे ताई तुमच्या त्या मोबाइलवाल्या पोरांच्या जवळचा 🙂 माझं मत, पहिला पिक्चर छोटा पाहिजे. आमच्या हॉस्टेलवर एकाने १२ अँग्री मेन लावला (१९५७, सिडनी ल्युमेट), ९६ मिनिटं, एक खोली, बारा ज्युरी आणि एका पोराच्या फाशीचा प्रश्न. सुरू झाला तेव्हा रूममध्ये चारच जण होतो आणि संपेपर्यंत दारात पोरं उभी होती. रंग नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही कारण भांडण इतकं जबरदस्त आहे.

नंतर मी त्याबद्दल वाचलं, ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणला, शेवटी खाली, आणि लेन्सही बदलत नेल्या, म्हणजे पिक्चर पुढे जातो तशी खोली लहान होत गेल्यासारखी वाटते आणि शेवटी छत दिसायला लागतं. हे माहीत नसतानाही आपल्याला गुदमरायला होतं. परत बघितला तेव्हा कळलं.

रशोमोन पण (१९५०), दीड तासाच्या आत संपतो, एकच घटना चार जण वेगवेगळी सांगतात. पण तो मंडळात चालेल की नाही माहीत नाही, विषय थोडा लहान मुलांसमोर जड आहे.

ग्वाल्हेरकर_आजोबा

सर्वांना नमस्कार. मी ग्वाल्हेरहून लिहितो आहे, वय झालं आहे, टायपिंग सावकाश होतं, पण हा विषय बघून राहवलं नाही.

श्यामची आई कुणी कसा लिहिला नाही अजून? १९५३ चा आचार्य अत्र्यांचा सिनेमा, आणि राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. आईचं काम करणाऱ्या वनमालाबाई आमच्या ग्वाल्हेरच्या, सरदार घराण्यातल्या पवारांची मुलगी, आणि शेवटही त्यांचा इथेच झाला, २००७ साली. माळव्यात-ग्वाल्हेरात मराठी माणूस महाराष्ट्रापासून दूर राहिला पण मराठी सिनेमातली सगळ्यात लाडकी आई याच भागातून गेली, हे मुलांना जरूर सांगा. त्याच वनमालाबाई १९४१ च्या सोहराब मोदींच्या सिकंदरमध्ये पृथ्वीराज कपूरसमोर रुखसाना झाल्या आहेत, आणि तिथलं रूप आणि तेज इतकं वेगळं की दोन्ही एकच बाई आहेत हे आमच्या नातसुनेला सांगितल्याशिवाय पटलं नाही. दोन्ही पाठोपाठ दाखवता आले तर बघा.

माझी एक विनंती. श्यामची आई म्हटलं की लोक रडण्याची तयारी करून बसतात. तसं सांगून मुलांना बसवू नका. माधव वझ्यांचा श्याम खोडकर आहे, हट्टी आहे, पोहायला घाबरतो, त्यावर मुलं हसतात. आधी हसू द्या, पुढचं आपोआप होतं. भरजरी गं पितांबर सुरू झालं की हॉलमधल्या सगळ्या आज्या गाऊ लागतील ते निराळंच.

आणि तुकाराम. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा. विष्णुपंत पागनीस असे गातात की अभिनय करतात असं वाटतच नाही. पण मुलांसाठी त्यातली जिजाई महत्त्वाची, गौरीबाईंनी केलेली. मूल आजारी आहे, घरात दाणा नाही, आणि ती चप्पल हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला निघते! त्या बाईचं खरंच बरोबर आहे असं वाटतं आणि तुकोबांचंही बरोबर वाटतं. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याची निवड उगाच झाली नाही. आणखी एक, आधी बीज एकले हे त्यातलं पद कित्येक लोक तुकोबांचा अभंग समजून म्हणतात, ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे.

पलासियावाला

माझं मत थोडं वेगळं. रंगीत केलेल्याला एवढं नाक मुरडायचं कारण नाही. आमच्याकडे नया दौर रंगीत लावला (मूळ १९५७ चा, रंगीत २००७ ला आला), मुलं पूर्ण बसली, टांगा आणि बसच्या शर्यतीला ओरडत होती. तेच मूळ लावलं असतं तर दहा मिनिटांत उठली असती. आणि त्याचं शूटिंग आपल्याकडचं, बुधनीचं, नर्मदेच्या काठचं, हे सांगितल्यावर तर अजून मजा आली. मुघल-ए-आझमही रंगीत झालाच ना. मुलं आधी आत तर येऊ देत भिया, मग हळूहळू मूळ दाखवा.

छायाप्रकाश

पलासियावाला, मुघल-ए-आझमबद्दल तुमच्याशी सहमत आहे. के. आसिफना स्वतःलाच तो पूर्ण रंगीत हवा होता, प्यार किया तो डरना क्या आणि शेवटचा थोडा भाग त्यांनी १९६० मध्येच रंगीत केला होता, आणि बाकीचंही परत रंगीत शूट करायची त्यांची इच्छा होती. २००४ मध्ये तो रंगीत झाला तेव्हा दिग्दर्शकाच्या मनातलंच काहीतरी पूर्ण झालं असं म्हणता येतं.

बाकीच्यांचं तसं नाही. त्या काळी सेटचा, साडीचा, भिंतीचा रंगच असा निवडायचे की कॅमेऱ्यात तो किती काळा किंवा किती करडा दिसेल, डोळ्यांना कसा दिसतो त्याला किंमत नव्हती. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून त्या करड्यावर गुलाबी घालतो आणि चेहऱ्यावरची सावली, जी मुद्दाम तिथे ठेवली होती, ती मातकट होऊन जाते. हम दोनो (१९६१, रंगीत २०११) मध्ये अभी ना जाओ छोड़कर दोन्ही प्रकारांत लावून बघा, मला मूळच हजार पटीने सुंदर वाटतं, साधनाच्या चेहऱ्याला जो मऊपणा आहे तो रंगाखाली दबून गेलाय.

आणि मुलं उठून जातात त्याचं कारण बहुतेक वेळा रंग नसतोच, प्रिंट असते. धुरकट, दहा वेळा कॉपी केलेली, आवाज खरखरतोय, वर कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, असा पिक्चर मी पण अर्ध्यात सोडतो. पथेर पांचालीचं उदाहरण घ्या (१९५५, सत्यजित राय), अपूच्या तीन सिनेमांतला पहिला. अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या, त्या पार कडक आणि ठिसूळ झालेल्या फिल्म इटलीत बोलोन्याला तज्ज्ञांनी महिनोन्महिने उपचार करून पुन्हा सोडवल्या आणि २०१५ मध्ये नवी प्रिंट आली. ती बघा, त्यात अपू आणि दुर्गा काश गवताच्या शेतातून आगगाडी बघायला धावतात तेव्हा एकेक तुरा वेगळा दिसतो. त्या सीनची गोष्टही मुलांना आवडेल, अर्धं शूटिंग करून पुढच्या वेळी गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, मग पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबावं लागलं. कॅमेरामन सुब्रत मित्र तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा, त्याआधी सिनेमाचा कॅमेरा हातात धरलेला नाही. नवा गडी, तुझ्या वयाचा!

तेव्हा ताई, आधी नाव ठरवू नका. पाच-सहा नावं काढा, त्यातली ज्याची चांगली प्रिंट मिळेल तो आधी.

सेटिंगवाला

हॉलमधली तयारी मी सांगतो, हेच बहुतेक ठिकाणी बिघडतं. जुन्या पिक्चरची चौकट जवळपास चौकोनी असते, आजच्या स्क्रीनसारखी लांब नाही. प्रोजेक्टर आणि टीव्ही आपोआप ती ताणून पूर्ण स्क्रीन भरतात, मग सगळे जाडे आणि बुटके दिसतात, मधुबालासुद्धा. सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा ओरिजिनल करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. कुणी म्हणेल स्क्रीन वाया जातेय, ऐकू नका. कागज के फूल मात्र सिनेमास्कोप आहे, आपल्याकडचा पहिला, तो लांबच असतो, तिथे पट्ट्या वर-खाली येतील.

टीव्हीवर दाखवणार असाल तर ते मोशन स्मूद करणारं सेटिंग बंद करा, त्याने जुना पिक्चर सिरियलसारखा दिसतो. खिडक्यांना जाड पडदे लावा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काळा रंग काळा दिसला नाही तर उरतं काय? आणि आवाज, जुना साउंडट्रॅक एका चॅनेलचा असतो, स्पीकर पडद्याजवळ मध्यभागी ठेवा आणि बेस कमी करा, संवाद स्वच्छ येतात. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या लोकांसाठी सबटायटल मोठ्या अक्षरात.

वकीलकाका

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शित झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ पर्यंतचे भारतीय चित्रपट साधारणपणे २०२५ पासून मोकळे झाले आहेत. वर ज्यांची नावं आली त्यातले बरेच यात बसतात. पण नव्याने रंगीत केलेली किंवा कुणी दुरुस्त करून काढलेली आवृत्ती असेल तर तिच्यावर वेगळा हक्क सांगितला जाऊ शकतो, आणि परदेशी सिनेमांचं प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. सामना, सिंहासन वगैरे नंतरचे आहेत, ते मंडळात जाहीर दाखवायचे तर परवानगी घ्या. तिकीट लावत नसाल तरीसुद्धा.

इंदूरची_लेक

बाप रे, इतकं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. सेटिंगवाला दादा, ती ४:३ ची गोष्ट मी लिहूनच ठेवली. वकीलकाका, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी सामना-सिंहासनचं नाव काढलं म्हणून विचारते, ते तर सत्तरच्या दशकातले ना, तेव्हा रंग आला होता, पिंजरा रंगीत होता १९७२ चा. मग हे बिनरंगाचे का? आणि दुसरं, आपल्या इंदूरशी संबंध असलेलं काही हवं आहे, मुलांना त्याने जवळचं वाटेल.

छायाप्रकाश

सामना (१९७४) आणि सिंहासन (१९७९) दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्ही तेंडुलकरांनी लिहिलेले. पैशाचा प्रश्न असणारच, रंगीत फिल्म महाग होती. पण आज बघताना मला वाटतं की त्या गोष्टींना हेच शोभतं. सामनामध्ये निळूभाऊंचा हिंदुराव, साखर कारखान्याचा मालकच म्हणा, आणि डॉ. लागूंचा तो दारुडा मास्तर, दोघं समोरासमोर बसलेत आणि मास्तर पुन्हा पुन्हा एकच विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? तो पिंजराच्या रंगात बघायची कल्पना करून बघा, जमतच नाही. सिंहासन अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून, मुंबईच्या रात्रीचे रस्ते आणि मंत्रालय, निळूभाऊ तिथे पत्रकार दिगू टिपणीस, सामनाच्या अगदी उलट माणूस. पण हे कॉलेजच्या मुलांसाठी ठेवा, आठवीच्या मुलाला राजकारणाचे डावपेच कळणार नाहीत.

इंदूरचं म्हणाल तर काय कमी आहे! जॉनी वॉकर इंदूरचे, मुंबईत बसचे कंडक्टर होते, बलराज साहनींच्या नजरेला पडले आणि त्यांनी गुरुदत्तकडे पाठवलं. दारुड्याची कामं करून प्रसिद्ध झाले आणि स्वतः दारूला शिवत नव्हते. प्यासामध्ये (१९५७) सगळा अंधार दाटून येतो तेव्हा तोच चंपी-मालिशवाला सत्तार येतो, सर जो तेरा चकराए, आणि दोन मिनिटं मोकळा श्वास घेता येतो. मुलांना प्यासा दाखवायचा असेल तर त्या सत्तारच्या भरवशावर दाखवा. गुरुदत्त स्वतः पुण्याला प्रभातमध्ये नृत्य दिग्दर्शनापासून सुरू झाला, म्हणजे कुंकूवाल्यांच्याच अंगणातून.

लताबाईंचा जन्म आपल्या सिख मोहल्ल्यातला, महल (१९४९) दाखवा. आएगा आनेवाला ज्यांनी शंभर वेळा ऐकलंय त्यांनीही ते पडद्यावर बघितलेलं नसतं. जर्मन कॅमेरामन जोसेफ विर्शिंग, रिकामा वाडा, झोपाळा, आणि मधुबाला दिसते न दिसते. रेकॉर्डवर तेव्हा लताबाईंचं नावच नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं, कामिनी असं छापलं होतं.

आणि चलती का नाम गाडी (१९५८), तिघे भाऊ खंडव्याचे, किशोरकुमार इंदूरच्या क्रिश्चियन कॉलेजात शिकलेला. पाच रुपैया बारा आना ही कॉलेजच्या कँटीनची उधारी होती असं इंदुरात सगळे सांगतात. इक लड़की भीगी भागी सी मध्ये रात्र, पाऊस, गॅरेजमधला एक दिवा, भिजलेली मधुबाला आणि हातात पाना घेतलेला किशोर. विनोदी सिनेमातसुद्धा उजेड किती विचार करून टाकलाय ते बघा. याला आजी पण हसतील आणि नातू पण.

बडोद्याची_माई

छान धागा. बडोद्याहून एक छोटी भर, दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, तेव्हा राजा हरिश्चंद्रचे (१९१३) जे थोडे रीळ उरले आहेत ते पहिल्या दिवशी मुख्य सिनेमाच्या आधी दाखवता येतील, दहा-पंधरा मिनिटांचंच काम आहे. आमच्याकडे मुलांना त्यात सगळ्या बायकांची कामं पुरुषांनी केली आहेत हे कळल्यावर त्यांनी तो भाग परत लावायला लावला.

आणि राजाभाऊ परांजप्यांना विसरू नका. जगाच्या पाठीवर (१९६०). माडगूळकर आणि बाबूजींची गाणी, एक धागा सुखाचा, जग हे बंदिशाला, उद्धवा अजब तुझे सरकार, सगळी एकाच पिक्चरमध्ये! सीमाताईंची आंधळी मुलगी तुला पाहते रे गाते तिथे मला चॅप्लिनच्या सिटी लाइट्सची (१९३१) फार आठवण येते, तिथेही आंधळी फुलवाली आहे आणि गरीब माणसाचा जीव तिच्यात गुंतलेला. सिटी लाइट्स मूकपट, भाषेचा प्रश्नच नाही, तो मुलांना घरी बघायला सांगा आणि मग हा मंडळात दाखवा. त्यांचाच पाठलाग (१९६४) पण, रहस्य आहे त्यामुळे मुलं हलत नाहीत, मेरा साया (१९६६) त्यावरूनच केलेला, पण मेरा साया ज्यांनी बघितलाय त्यांनी शेवट सांगायचा नाही अशी अट घाला.

इंदूरची_लेक

मंडळाशी बोलले. पहिल्या रविवारी फाळक्यांचे रीळ आणि मग जगाच्या पाठीवर, कारण गाणी सगळ्यांना येतात आणि मराठी फार अवघड नाही. दुसऱ्या महिन्यात चलती का नाम गाडी. तिसऱ्यात कुंकू मराठीतूनच, आज्यांनी हट्ट धरलाय. श्यामची आई संक्रांतीच्या सुमारास आणि बंदिनी मार्चमध्ये महिलांच्या कार्यक्रमाला. रंगीत केलेले सध्या नाहीत, पलासियावाला दादा रागावू नका, मुघल-ए-आझम मात्र तुमच्यासाठी यादीत घेतलाय.

एकच अडचण राहिली. कुंकूला हिंदी सबटायटल सापडत नाहीयेत. मुलांना दुनिया न माने घरी बघा म्हणून सांगता येईल पण हॉलमध्ये सगळे एकत्र हसले पाहिजेत, एकत्र गप्प झाले पाहिजेत, म्हणून तर हे सगळं करतोय. कुणाला सबटायटल करायचा अनुभव आहे का?

नवा_गडी

ताई मी करतो. सबटायटलचं सॉफ्टवेअर मला येतं, कॉलेजच्या शॉर्ट फिल्मसाठी केलंय. वेळ लावून बसवणं माझं काम, पण जुनी मराठी मला पण सगळी कळत नाही, काही शब्द तर ऐकलेच नाहीत कधी. ग्वाल्हेरकर आजोबा, तुम्ही मदत कराल का?

ग्वाल्हेरकर_आजोबा

आनंदाने. तू एकेका रिळाएवढा भाग पाठव, मी संवाद ऐकून मराठीत लिहून देतो आणि जिथे अवघड शब्द आहे तिथे सोपा अर्थ शेजारी देतो, हिंदी तू कर. लग्न ठरवतात तो सुरुवातीचा भाग आणि काकासाहेब-नीराची भांडणं मला आधी पाठव, तिथे लोक भराभर बोलतात, वेळ लागेल. दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो.